घराचा भार कोणाच्या खांद्यावर?

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने २०२४ मध्ये देशभर केलेल्या ‘वेळेच्या वापरा’च्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थसंकल्पावरील चर्चेच्या गदारोळात त्यांकडे जावे तितके लक्ष गेले नाही. घरकाम करणारी स्त्री दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे विनामोबदला घरकामात घालवते आणि घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटे, असे हे सर्वेक्षण सांगते. २०१९ च्या पहिल्या सर्वेक्षणात हेच आकडे अनुक्रमे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रीची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषानेही आपली नऊ मिनिटे वाचवली! शिवाय पुरुषाची ही मिनिटे घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांपुरतीच आहेत. २०१९ मध्ये असे पुरुष होते २६.१ टक्के आणि स्त्रिया ८१.२ टक्के. उरलेल्या पुरुषांच्या खात्यावर त्या दिवशी शून्य मिनिटे होती.

कुटुंबव्यवस्थेची चिंता वाहणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे समोर ठेवावेत असे आहेत. कारण आपल्याकडे या विषयावरील चर्चा बहुधा एकाच ठरलेल्या वाटेने जाते. पूर्वी एकत्र कुटुंब होते, पन्नास पाने उठत होती, मुलांवर आपोआप संस्कार होत होते. मग शहरे आली, नोकऱ्या आल्या, पाश्चात्त्य व्यक्तिवाद आला आणि कुटुंब मोडले. व्याख्यानमालेत हे ऐकताना श्रोते माना डोलावतात, घरी परततात आणि वाढलेल्या पानावर बसतात. या चित्रात काही तथ्य नाही असे नव्हे. परंतु ते अपुरे आहे, आणि अपुऱ्या निदानावर उपचार करू गेल्यास रोग हाती लागत नाही.

मुळात एकत्र कुटुंब ‘मोडले’ का, याविषयी भारतीय समाजशास्त्रज्ञांनी फार मोलाचे काम करून ठेवले आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधन करणाऱ्या इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेव्यवस्थेवरील ग्रंथात एकत्र कुटुंबाची लक्षणे नोंदवली. एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक कुलधर्म आणि परस्परांशी रक्ताचे वा विवाहाचे नाते. पुढे आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातील महुवा या गावातील कुटुंबांचा अभ्यास केला. १९६४ मध्ये तो ग्रंथरूपाने आला. छप्पर आणि चूल वेगळी झाली तरी मालमत्तेचे व्यवहार, परस्परांची कर्तव्ये आणि अडीअडचणीतील जबाबदाऱ्या चालूच राहतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर ए. एम. शहा यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात ‘घर’ आणि ‘कुटुंब’ या दोन गोष्टींची गल्लत करू नका, असा स्पष्ट इशारा दिला. एका छपराखाली किती माणसे राहतात हा एक प्रश्न आहे. ती कोणाला आपली मानतात हा निराळा.

मराठी माणसाला हा भेद समजून घ्यायला समाजशास्त्राच्या ग्रंथांचीही गरज नाही. ‘चूल वेगळी झाली’ आणि ‘वाटण्या झाल्या’ हे दोन शब्दप्रयोग आपल्या भाषेत पूर्वापार वेगवेगळे आहेत. दोघी जावांचे पटेना म्हणून माजघरात दुसरी चूल मांडली जाई, पण शेत एकच राही. पुढे केव्हातरी सातबाराही वेगळा होई. बांधावरून भांडणे होत, प्रकरण कोर्टात जाई, दोन भाऊ एकमेकांचे तोंड पाहत नसत. तरीही भावकीत कोणी गेले की सुतक दोन्ही घरांना लागे आणि त्या दिवसांत ठरलेले लग्न दोन्ही घरी पुढे ढकलले जाई. चूल, सातबारा आणि सुतक अशा या तीन कक्षा आहेत. त्यांतील पहिली लवकर तुटते, दुसरी उशिरा आणि तिसरी जवळजवळ तुटतच नाही. आज ठाण्यात एक भाऊ, नाशकात दुसरा आणि अमेरिकेत न्यू जर्सीत तिसरा असला, तरी गावच्या घरातील गणपतीचा खर्च तिघांत विभागला जातो. पुतण्याच्या शिक्षणाचे पैसे कोणी भरायचे याची चर्चा दूरध्वनीवर होते. या कुटुंबाला मोडलेले म्हणणे कठीण आहे.

कुटुंबाची रचना ही संस्कारांइतकीच पोटाच्या व्यवसायावर अवलंबून असते, हे तर महाराष्ट्राने दीड शतक पाहिले आहे. कोकणातला चाकरमानी गिरणगावात एका खोलीत दहा-बारा जणांबरोबर राही आणि मनिऑर्डर पाठवी. सासू-सासरे, दिरांची मुले, गुरे, भातशेती आणि देव्हारा हे सारे सांभाळीत त्याची पत्नी गावी राही. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेतही दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया आढळल्या, तो याच परंपरेचा मागमूस. कोकणातले ते एकत्र कुटुंब टिकले, पण ते टिकवणारा ‘कर्ता’ वर्षातून गणपतीला आणि शिमग्याला घरी येई. कागदोपत्री कर्ता तोच होता! गिरणगावात त्या चाकरमान्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या स्त्रियाच होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली, तेव्हा या स्त्रियांच्या स्वयंपाकाला उद्योग म्हणून बँकेच्या दारात उभे राहता आले. परक्याच्या ताटात वाढला की स्वयंपाक धंदा ठरतो आणि घरच्या ताटात वाढला की तो हिशेबात येत नाही, हा विरोधाभास त्या निमित्ताने ठळकपणे पुढे आला.

मध्यमवर्गीय घरांतही नेमके काय घडले, ते पाहण्यासारखे आहे. १९३० साली ‘हिंदू विद्याधन कायदा’ संमत झाला. त्याचा पाठपुरावा बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी केला होता. तोवर एकत्र कुटुंबाच्या पैशावर शिकलेल्या वकिलाची वा डॉक्टरची कमाई ही साऱ्या कुटुंबाची, असा दावा भाऊ-पुतण्यांना करता येत असे. या कायद्याने शिक्षणातून मिळवलेली मिळकत ज्याची त्याची ठरली. जमिनीवर उभे असलेले कुटुंब पगारावर येऊन उभे राहिले, ते या काळात. हा बदल कोणा परकीय विचारवंताने लादलेला नव्हता. शिकलेल्या, प्रतिष्ठित, कुलाचार पाळणाऱ्या हिंदू घरांतूनच त्याची मागणी आली होती. तेव्हा एकत्र कुटुंबाच्या ऱ्हासाचे खापर आजच्या पिढीतील नोकरी करणाऱ्या सुनेच्या डोक्यावर फोडणे हे इतिहासाला धरून नाही.

घरे मात्र लहान होत गेली, हे निर्विवाद आहे. २००१ च्या जनगणनेत एका घरात सरासरी ५.३ माणसे होती, २०११ मध्ये ती ४.९ झाली आणि २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४.४. पाश्चात्त्य समाजशास्त्रज्ञांना हे अपेक्षितच होते. विल्यम गुड यांनी १९६३ मध्ये मांडले की, औद्योगिकीकरणाबरोबर जगातील सर्व समाज पती-पत्नी आणि मुले अशा कुटुंबाच्या दिशेने सरकतील. त्याआधी टॅल्कॉट पार्सन्स यांनी अशा कुटुंबात पतीने बाहेरचे जग पाहावे आणि पत्नीने घरातील भावबंध जपावेत, अशी भूमिकांची वाटणी सिद्धांतरूपात मांडली होती. १९५० च्या दशकातील अमेरिकन मध्यमवर्गीय घर हेच जणू मानवजातीचे अंतिम घर, असा त्या मांडणीचा सूर होता. तो सूर तिथल्याच पुढच्या पिढीने खोटा ठरवला. १९८९ मध्ये आर्ली होश्चाइल्ड यांनी नोकरदार अमेरिकन जोडप्यांचा अभ्यास करून दाखवले की, कचेरीतून परतलेली स्त्री घरी ‘दुसरी पाळी’ करते. गिरणीच्या भाषेतला हा शब्द आपल्याकडे वेगळा समजावून सांगावा लागू नये.

गंमत अशी की, आपण ज्या ‘पुरुषाने कमवावे, बाईने घर सांभाळावे’ या रचनेला सनातन भारतीय समजतो, ती बरीचशी पार्सन्स यांच्या चित्रातील आहे. शेतकऱ्याच्या, कुंभाराच्या, विणकराच्या घरात स्त्री नेहमीच उत्पादनात बरोबरीने होती. चाकावर कुंभार बसला तर माती मळणारी कुंभारीणच होती. केवळ घर सांभाळणारी स्त्री ही पगारदार वर्गाची देणगी आहे. आणि आजही बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबात नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाची उचल त्या जोडीवर मिळते. एकटा पुरुष तिथे अर्धाच कोयता. मुले गावी आजी-आजोबांपाशी राहतात किंवा फडावरच्या कोपीत. कुटुंबाच्या रचनेवर बोलताना ही घरेही हिंदू समाजाचीच आहेत, याचा विसर पडता कामा नये.

आता पुन्हा त्या पन्नास पानांकडे वळू. पूर्वीच्या मोठ्या घरात काम प्रचंड होते, पण हातही पुष्कळ होते. सासू, चार जावा, माहेरी आलेल्या नणंदा, वयात आलेल्या मुली यांच्यात ते वाटले जाई. ही वाटणी न्याय्य होती असे मात्र कोणी समजू नये. धाकट्या सुनेच्या वाट्याला पहाटेचे पाणी आणि रात्रीची खरकटी येत. आणि अनेक ब्राह्मण घरांत सोवळ्यातल्या स्वयंपाकाची खरी सूत्रधार असे ती आलवण नेसलेली विधवा आत्या किंवा काकू. लहानपणीच्या लाडवांच्या, पापडांच्या, पुरणपोळ्यांच्या ज्या आठवणी आजचे सत्तरीतले वाचक डोळ्यांत पाणी आणून सांगतात, त्या पदार्थांपाठी तिचे हात होते. तिला वेतन नव्हते, मालमत्तेत हक्क नव्हता आणि समारंभात समोर येण्याचीही मुभा नव्हती. त्या घराचे कौतुक करायचे असेल तर तिची आठवण वगळून करता येणार नाही. तिचे जिणे बदलले याचा आनंदच मानायला हवा. मात्र तिने ओढलेले काम घरातून नाहीसे झाले नाही.

ते सगळे काम लहान घरातील एका स्त्रीपाशी येऊन थांबले. जावा गेल्या, नणंदा गेल्या, घरकामाला येणाऱ्या मावशी दोन तास येऊन जातात. मुलांचा अभ्यास, शाळेच्या बसची वेळ, सासऱ्यांची औषधे, गॅसचा नंबर, लग्नाच्या आहेराचे लक्षात ठेवणे हे सर्व एका डोक्यात साठते. यातले लक्षात ठेवण्याचे काम तर कोणत्याही सर्वेक्षणाच्या मिनिटांत बसत नाही. घराचा आकार बदलला, भूमिका बदलल्या नाहीत. आजच्या कुटुंबात ताण निर्माण होतो तो या फटीतून. विवाह जुळवताना मुलींच्या अटी वाढल्या म्हणून वधू-वर सूचक मंडळांत तक्रार होते. त्या अटी नीट ऐकल्या तर पुष्कळ मुली पगाराइतकेच हेही विचारताना आढळतील की, घरी स्वयंपाक कोण करते?

कायद्याने आपल्या परीने वाट करून दिली आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हक्क दिला. केंद्राने २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात तशी दुरुस्ती केली आणि वडील त्या वेळी हयात होते की नव्हते या वादावर सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मुलींच्या बाजूने पडदा टाकला. मालमत्तेचा प्रश्न असा मार्गी लागला. श्रमांचा प्रश्न मात्र न्यायालयात पोहोचतो तो निराळ्याच वाटेने. गृहिणीच्या कामाचे मोल आपल्याकडे रुपयांत ठरते, ते ती रस्ते अपघातात मरण पावल्यानंतर. मोटार अपघात न्यायाधिकरणाला तेव्हा नुकसानभरपाई काढावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या परिशिष्टात न कमावत्या पत्नीचे उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एकतृतीयांश धरलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अशाच एका प्रकरणात, २००१ च्या जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैदी यांच्या पंक्तीला बसवल्याबद्दल तीव्र शब्दांत नाराजी व्यक्त केली. जानेवारी २०२१ च्या दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने २९९ आणि ९७ मिनिटांचे तेच आकडे उद्धृत केले. २०११ च्या जनगणनेत घरकाम हाच आपला मुख्य व्यवसाय असे सांगणाऱ्या स्त्रिया सुमारे १५ कोटी ९८ लाख होत्या आणि पुरुष सुमारे ५७ लाख ९० हजार, हेही नमूद केले. न्यायालयाने जे जाणले, ते घरातल्या माणसांनी ती हयात असताना जाणायला हरकत नसावी.

गृहिणीला सरकारने पगार द्यावा, अशी एक मागणी अधूनमधून होते. तिच्यामागील भावना समजण्याजोगी असली तरी तो मार्ग उचित वाटत नाही. घर हे कंत्राट नव्हे आणि आईच्या जागरणाला दरपत्रक लावता येत नाही. परंतु हेच वाक्य पुढे करून स्वतः काही न करण्याची सोय पाहणारेही कमी नाहीत. वात्सल्याला मोल नाही म्हणायचे आणि भांडी मात्र तिनेच घासायची, हा युक्तिवाद टिकणारा नाही. आपल्या घरांतून रुळलेला ‘मदत’ हा शब्दही तपासून पाहिला पाहिजे. ‘मी बायकोला घरात मदत करतो’ असे अभिमानाने सांगणारा गृहस्थ नकळत हेच कबूल करीत असतो की, काम तिचे आहे. गृहस्थाश्रमात तो मदतनीस म्हणून शिरलेला नाही.

येथे सामाजिक कार्यात रमलेल्या कार्यकर्त्यांनी थोडे अंतर्मुख व्हावे. संघ शिक्षा वर्गात वा शिबिरात प्रत्येक जण आपले ताट आपण घासतो. प्राध्यापक असो, उद्योजक असो वा गावचा सरपंच, त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. पंगतीत वाढणे, भाजी चिरणे, परिसर झाडणे ही कामे तिथे पुरुषच करतात आणि उत्तम करतात. म्हणजे ही कामे त्यांना येत नाहीत, असा बचाव उरत नाही. तोच कार्यकर्ता वर्गावरून घरी परतला की ताट टेबलावर सोडून उठतो आणि रात्री साडेनऊला, प्रवासाला आलेल्या दोघा-तिघांना घेऊन घरी येतो, तेव्हा पानावर गरम पोळी असते. कार्याचा विस्तार अशा घरांच्या आधारावर झाला, हे कृतज्ञतेने सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पण ती पोळी लाटणारी स्त्री आता सकाळी आठला स्वतः नोकरीवर निघते. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकीत आठवड्यातून एकदा एकत्र भोजन करावे, असा आग्रह धरला जातो. चांगलाच आग्रह आहे. त्या भोजनाचा स्वयंपाक आणि नंतरची आवराआवर कोण करते, हेही त्याच बैठकीत विचारले जावे.

हे केवळ सौजन्यापोटी नव्हे. पुढच्या वीस-तीस वर्षांत घराघरांत जे काम वाढणार आहे, ते ज्येष्ठांच्या शुश्रूषेचे. २०११ मध्ये देशात साठी ओलांडलेले १० कोटी ३८ लाख लोक होते आणि ही संख्या झपाट्याने वाढते आहे. दुसरीकडे महाराष्ट्रात एका स्त्रीला होणाऱ्या अपत्यांचे सरासरी प्रमाण पाचव्या पाहणीत १.७ वर आले. एकुलता एक मुलगा आणि एकुलती एक मुलगी यांचा विवाह झाला की त्या दोघांवर चार वृद्धांची जबाबदारी येते. मुलाच्या आई-वडिलांची सेवा सुनेने करायची, हे परंपरेने ठरलेले. मुलीच्या आई-वडिलांचे काय? त्यांना मुलगाच नाही. आई-वडिलांच्या निर्वाहासाठी केलेला २००७ चा कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही जबाबदार धरतो. पण कायद्याने निर्वाहाची रक्कम मिळते, रात्री उठून पाणी देणारा हात मिळत नाही. २०२४ च्या सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांची देखभाल करताना आढळल्या; पुरुष २१.४ टक्के. या प्रमाणावर चार वृद्धांचे घर चालणार नाही.

नोकरीतील नियमही याच जुन्या गृहीतावर उभे आहेत. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्वाची रजा २६ आठवड्यांची झाली. केंद्र सरकारच्या सेवेतील पित्याला मिळते १५ दिवसांची. त्याच सेवेत अपत्य संगोपनासाठी स्त्री कर्मचाऱ्याला संपूर्ण नोकरीत ७३० दिवसांची रजा घेता येते. २०१८ च्या अखेरीस ती पुरुषांनाही खुली झाली, पण विधुर, घटस्फोटित किंवा अविवाहित पित्यालाच. ज्याची पत्नी हयात आणि घरात आहे, त्याला मुलाच्या आजारपणासाठी ती रजा लागणार नाही, असे नियम लिहिणाऱ्याने मनोमन धरले होते. ज्येष्ठांच्या शुश्रूषेसाठी तर स्वतंत्र रजेचा विचारही फारसा झालेला नाही. कामगार आणि कर्मचारी संघटनांनी वेतनकराराच्या वाटाघाटींत हा विषय आता पटलावर आणावा. नियम बदलेपर्यंत, उद्या आजीचे खुब्याचे हाड मोडले आणि सहा आठवडे कोणी तरी घरी थांबणे भाग पडले, तर रजेचा अर्ज सुनेनेच लिहायचा की मुलानेही, हे ठरवायला मात्र कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.